घरटी एक खांदा

छोलुंग, हुम्ला
चौथा महिना, पौर्णिमा उलटल्यावर

प्रिय रिगझिन,

हे पत्र सिमीकोटला निघालेल्या मेंढरांबरोबर पाठवतेय, तेव्हा त्याला मेंढरांचा वास येणार. नाक मुरडू नकोस. काठमांडूत राहून तुझं नाक फार नाजूक झालंय, हे मागच्या खेपेला दिसलंच.

काम आहे, आणि मोठं आहे. मला यंदा पुरांगला जायचंय.

हसलीस ना? हस. माझा बाप दरसाल घाट ओलांडून सीमेपलीकडे पुरांगच्या बाजाराला जायचा, त्याच्यामागून माझा भाऊ, म्हणजे तुझा बाप. पुरुषांनी चरकावर लाकडी वाट्या कातायच्या. बायकांनी त्यांना अक्रोडाचं तेल चोळायचं, उन्हात मांडायच्या, परत चोळायच्या. मग त्या वाट्या नटूनथटून पलीकडच्या मुलखात निघून जायच्या. मी मात्र इथेच. लग्न न झालेली बहीण घरात बसली, की बाकीच्यांचे पाय मोकळे. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पण आता भाऊ राहिला नाही, चरकावर धूळ बसलीय, आणि त्याच्या हातच्या दोन गोण्या वाट्या माळ्यावर पडून आहेत. त्या नेऊन विकायला कुणी उरलेलं नाही, एक मी सोडून. आणि त्या वाट्यांतून चहा पिणारं माणूस मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. गुडघे अजून ऐकतात. पुढच्या वर्षी ऐकतील याची मला खात्री नाही.

अडचण तुला ठाऊक असायला हवी. नसेल तर सांगते. पेरणी ते कापणी प्रत्येक घराचं एक माणूस गावात हवं. घरटी एक खांदा. गावाचं काम निघालं की तो खांदा पुढे. कापणीनंतर बैठक बसते, मुखिया एकेका घराचं नाव घेतो आणि त्या घरचं माणूस ‘आहे’ म्हणतं. जिथून कुणी ‘आहे’ म्हणत नाही, त्या घराची शेतं आणि पाण्याची पाळी बाकीच्यांत वाटून टाकतात. आपल्या खांगसार घरात आता आपण दोघीच. मी उठले, तर तू बसायला हवीस.

तू माणसांच्या फिरण्यावर अभ्यास करतेस म्हणे. मग इथे येऊन कर. फिरणारी सगळी माणसं शेवटी इथेच येऊन चहा मागतात.

तुझी अनी
पाल्की

*

काठमांडू
३ असार, विक्रम संवत २०५१

प्रिय अनी,

पत्र मिळालं. वासही मिळाला. खोलीतली मैत्रीण दोन दिवस खिडकी उघडी ठेवून झोपली.

खरं सांग, तुझी तब्येत कशी आहे? तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबा गेले, चरक बंद, गुडघे... मला वाटतं तुला एकटं वाटतंय आणि तू ते पुरांगच्या नावावर खपवतेयस. मी काय म्हणते, तू इकडेच ये. इथल्या मोठ्या बौद्ध स्तूपाजवळ आपल्या खोऱ्यातली पुष्कळ माणसं राहतात. गुडघ्यांना चांगला डॉक्टर दाखवू. शेतं छिमीकाकूंना कसायला देऊ. त्या शेजारीच तर आहेत.

आणि तुला एक गंमत सांगते. पुरांगला खरं तर मलाच जायचं होतं. आपल्या माणसांचं घाटापलीकडे जाणं-येणं हाच माझ्या प्रबंधाचा विषय. परवान्यासाठी एका कचेरीत गेले. तिथला माणूस म्हणाला, “तुमचं नागरिकत्व काठमांडूचं. घाटावरून फक्त सीमेवरच्या लोकांना सोडतात.”

मी म्हटलं, “मी तिथलीच आहे.”

“तिथल्या आहात, तर इथे काय करताय?”

तेव्हा मी जाऊ शकत नाही आणि तू जाऊ शकतेस. माझे गुरू म्हणाले, मग एक हंगाम गावातच बस, तेही कामाचंच आहे. कापणीच्या सुमाराला, असोज संपता संपता, मला पलीकडच्या खोऱ्यात जायला हवं, तोवर मी तुझी. पण माझी एक अट आहे. मी प्रश्न लिहून देईन, ते तू पुरांगला भेटेल त्याला विचारायचे.

डॉक्टरचं मात्र मनावर घे.

तुझी
रिगझिन

*

हिल्साच्या पुलापाशी
सहावा महिना, तिसरा दिवस

प्रिय रिगझिन,

दोनच दिवस बरोबर मिळाले आपल्याला, आणि त्यातही तू मला शेळ्यांची नावं विचारत बसलीस. शेळ्यांना नावं नसतात, बाई. त्यांना हाका असतात.

गुडघे छान आहेत. याकांच्याही पुढे चालले. छिमीचा वांगदू बरोबर आहे, तो म्हणतो, “अनी, जरा दमानं, मला लाज आणतेस.” मी म्हटलं, “तू दरसाल येतोस. मी जन्मात पहिल्यांदा येतेय. घाई कुणाला असणार?”

तुझे प्रश्न रात्रीच्या मुक्कामात वाचले. पहिलाच प्रश्न, ‘आपण वर्षातून किती काळ घराबाहेर असता?’ वांगदूला विचारलं. तो म्हणाला, “घराबाहेर कुठे? घरी आई आहे की.” मी म्हटलं, “तू किती दिवस नसतोस?” तर म्हणतो, “आई असते ना, मग मी नसतो कसा?” हे उत्तर तुझ्या कोणत्या चौकोनात लिहायचं, ते मला कळलं नाही. मी कागदाच्या कडेला लिहून ठेवलंय.

उद्या पूल ओलांडून पलीकडे. तांबड्या शेळीला संध्याकाळी आधी बांध, ती दुसऱ्यांना फितवते. पिठाची चक्की आपल्या पाळीलाच वापर. आणि गावाचं काम निघालं तर जा.

अनी

*

छोलुंग
१६ साउन

प्रिय अनी,

सगळं ठीक आहे. तांबडी शेळी माझं ऐकत नाही, पण हळूहळू ओळख होतेय.

गेल्या आठवड्यात वरच्या कड्यावरून दरड आली आणि पाट फुटला. मुखिया गोन्पो गच्चीवरून ओरडले, घरटी एक खांदा, उद्या सकाळी. नेमका त्याच दिवशी गोम्प्यात वरच्या तिन्ही वाड्यांतले म्हातारे जमणार होते. जुन्या मिठाच्या वाटेची माहिती सांगायला त्यांना मी किती मिनतवाऱ्या करून बोलावलं होतं! मोठ्या पेचात पडले. मग एक चांगली युक्ती सुचली. खालच्या मुलखातला हस्त रोकाया म्हणून एक जण काम शोधत आलाय, बायको आजारी आहे त्याची. त्याला मजुरी दिली, पोटभर जेवू घातलं आणि खांगसारतर्फे पाटावर पाठवलं. धट्टाकट्टा गडी, माझ्यासारख्या तिघींचं काम करेल. त्याचंही भलं, गावाचंही, माझंही.

आणि अनी, गावातली माणसं किती मायेची आहेत! मी उगीच भीत होते, की शहरातून आलेली म्हणून मला कुणी जवळ करणार नाही. त्याच संध्याकाळी छिमीकाकू लोण्याचा गोळा घेऊन आल्या. पाठोपाठ गोन्पो जवाच्या छांगचं भांडं घेऊन आले, दाराशी टोपी काढून मान खाली घालून उभे राहिले. मग एकेक करत निम्मं गाव आलं. फार कुणी बोललं नाही, नुसतं बसून राहिले. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं. तुझं नाव तर एकानंही काढलं नाही. मला तुझी आठवण येऊन वाईट वाटू नये, एवढी त्यांची काळजी! छिमीकाकूंनी विचारलं, “शेळ्यांचं काय करणार?” मी म्हटलं, अजून काही ठरवलं नाही. जाताना सगळ्यांनी देव्हाऱ्यापुढे लोण्याचा एकेक दिवा लावला. घर नुसतं उजळून निघालं होतं.

पाहुण्याला इतक्या हळुवारपणे आपलंसं करणारं गाव मी पाहिलं नाही. प्रबंधात यावर एक स्वतंत्र भाग लिहिणार आहे.

तुझी
रिगझिन

*

पुरांग
सहावा महिना संपत आला

अगं मूर्खे,

ते सगळे माझ्या मरणाला आले होते!

तुझं पत्र आपल्या गावच्या शेरापबरोबर आलं; तू ‘वांगदूकडे दे’ म्हणून दिलंस, आणि त्यानं ते वांगदूचंच समजलं. शेराप मेंढरं घेऊन बाजारात शिरला आणि वाट्या मांडून बसलेली मी त्याला दिसले. त्यानं मेंढरं तिथेच टाकली आणि माळ काढून मंत्र म्हणायला लागला. मी म्हटलं, “शेराप, काय झालं रे?” तो दोन पावलं मागे सरकून म्हणतो, “अनी, जे राहिलं असेल ते सांग, मी तुझ्या घरी पोचवतो, पण माझ्या मागे लागू नकोस.” मी उठून त्याच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. मग तो मटकन खाली बसून रडला आणि वर माझ्याच पिशवीतलं सुकं मांस खाल्लं.

हसून हसून माझ्या कुशी दुखल्या. नंतर तुझं पत्र नीट वाचलं आणि हसू पळालं.

चूक माझी. ‘काम निघालं तर जा’ एवढंच लिहिलं. का ते लिहिलं नाही, कारण ते सांगावं लागेल असं वाटलंच नाही. आपल्याकडे रांगत्या पोरालाही ते कळतं. ज्या घराची चूल थंड झाली, तेच घर भाड्याचा खांदा पाठवतं. घरचं माणूस गेलं, वारस कुणी नाही, तर उरलेला नातलग शेवटचं एक काम भाड्यानं करून देतो आणि शेतं गावाला परत करतो. तो निरोप असतो, पोरी. तोंडानं बोलवत नाही म्हणून खांद्यानं सांगतात. गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नसतं, म्हणून माझं नाव कुणी काढलं नाही. तू हस्तला पाठवलंस आणि सबंध गावाला कळवलंस, की पाल्की वाटेत मेली आणि खांगसार संपलं.

दिव्यांचं लोणी तरी चांगलं होतं का? छिमी खवट लोणी दिव्याला काढते.

आता लगेच गोन्पोकडे जा. रडू नकोस, समजावत बसू नकोस. अनी जिवंत आहे एवढं सांग, आणि तो काय म्हणतो ते कळव.

जिवंत असलेली
अनी

*

छोलुंग
५ भदौ

प्रिय अनी,

तुझं पत्र वाचून मी शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसले. तांबडी शेजारी येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच.

मग गोन्पोंकडे गेले. छिमीकाकू तिथेच होत्या. तू जिवंत असल्याचं सांगितलं. गोन्पोंनी डोळे मिटून हात जोडले, आणि काकू म्हणाल्या, “मग माझं लोणी?”

मी म्हटलं, “चूक माझी झाली. मला रीत माहीत नव्हती.”

गोन्पो म्हणाले, “तुला माहीत नव्हती, हे मला माहीत आहे. पण खांदा गेला तो खांगसारचा. पाण्याची पाळी मी परवा भर बैठकीत छिमीच्या घराला दिली.”

“परत घ्या ना.”

“असं कसं? उद्या दुसरं घर भाड्याचा माणूस पाठवेल आणि म्हणेल, आम्हालाही माहीत नव्हतं. मग पाटावर सगळे भाड्याचेच दिसतील, आणि आपण दोघं गच्चीवरून ओरडत बसू.”

काकू म्हणाल्या, “पाल्की येऊ दे परत. तिला मरेपर्यंत गाव खायला घालील. मी स्वतः घालीन. पण शेतं नुसती ठेवून काय करायची? ही पोर पानं पिवळी व्हायच्या आत उडून जाणार.”

अनी, मला राग आला. कारण ते खरं होतं. मी विचारलं, घर परत उभं करायला काय करावं लागतं? मग गोन्पो म्हणाले, पूर्वी एका घरानं पाटाचं तोंड राखलं होतं. जिथे ओढ्याचं पाणी पाटात शिरतं, त्या तिथे वर, दगडांच्या खोपीत, कापणी होईपर्यंत. दरड आली तर दगड काढायचे, पूर आला तर तोंड बुजवायचं, ज्याची पाळी त्याला पाणी सोडायचं. ते काम कुणालाच नको असतं.

“ही?” काकू म्हणाल्या. “हिला वर मीठ कोण नेऊन देणार?”

मी हो म्हटलं. उद्या जातेय. पण अनी, तू परत ये. तू बैठकीत उभी राहिलीस तर त्यांना नाही म्हणणं जड जाईल. मी घर बुडवलंय, आणि मी एकटी ते सावरेन याची मला खात्री नाही.

रिगझिन

*

पुरांग
सातवा महिना, आठवा दिवस

प्रिय रिगझिन,

मी येणार नाही.

वांगदू म्हणाला, मी आजच याक फिरवतो. मी सगळी रात्र विचार केला आणि सकाळी त्याला सांगितलं, नको. माझं ऐकून घे, मग हव्या तितक्या शिव्या दे.

मी आत्ता आले तर काय होईल? गोन्पो मला बघून पाघळेल, छिमी रडेल, आणि शेतं माझ्या जिवात जीव असेतो राहतील. म्हणजे माझ्याबरोबरच जातील. मी एकटीनं अशी किती वर्षं ती धरून ठेवणार? तू उभी राहिलीस तर घर उभं राहील. मी उभी राहिले तर फक्त मी उभी राहीन.

आणि दुसरं कारण. ते लपवलं तर तुला पुढेमागे कळेलच. मला जायचंय. इथल्या बाजारात आपल्या वाट्या कुणी घेत नाही. जिकडेतिकडे निळ्या फुलांचे पत्र्याचे मग, पडले तरी फुटत नाहीत. एक दुकानदार मला म्हणाला, “आजी, या आता गोम्प्यात ठेवा.” मी म्हटलं, “तुझा मग गरम चहानं ओठ भाजतो, माझ्या वाटीनं भाजतो का?” तो म्हणाला, “आम्ही फुंकून पितो.” पण लोक सांगतात, की उत्तरेकडचे मेंढपाळ लोकर विकायला मानसरोवराच्या काठी उतरतात आणि ते अजून वाटीच मागतात. ते कापणीच्या सुमारालाच येतात. मी तिकडे निघालेय.

तेव्हा तू तिथे, मी इथे. तुला वाटेल, म्हातारी स्वतःच्या हौसेसाठी मला दगडांत टाकून गेली. तसंच समज हवं तर. पण कुणाला काही पटवायला जाऊ नकोस. तुझं बोलणं गावाला वर्षानुवर्षं कळणार नाही. पाणी वेळेवर आलं, हे मात्र त्याच सकाळी कळतं.

डोक्याला गरम कापड बांध. हातांना तेल लाव. अक्रोडाचं.

अनी

*

पाटाचं तोंड
२६ भदौ

प्रिय अनी,

शिव्या दिल्या. मोठ्यांदा, ओढ्याच्या आवाजात. इथे कुणी ऐकत नाही, तेवढी सोय आहे.

पहिल्या चार दिवसांत मी दोनदा चुकीच्या घराला पाणी सोडलं. एका बाईनं खालून येऊन मला असं झापलं, की माझ्या सगळ्या परीक्षा त्यापुढे काहीच नाहीत. “तुला सावली बघता येत नाही?” म्हणाली. मग तिनंच दाखवलं. समोरच्या कड्याची सावली पांढऱ्या दगडाला लागली की तिची पाळी संपते. आता मी बघते. गवताची ढेप कशी बसवायची, तेही आलं. पाणी जिथून निसटू बघतं तिथे ती आडवी नाही, तिरकी दाबायची.

हस्त रोकाया एकदा वर आला. बायकोला बरं वाटतंय त्याच्या. माझे हात बघून म्हणाला, “दीदी, सोडा, मी करतो.”

मी ओरडलेच, “दगडाला हात लावू नकोस! एकदा लावलास तर माझी आत्या मेली.”

बिचारा बटाटे ठेवून लांब जाऊन बसला आणि तिथून मला शिकवत राहिला. शिकवायला बंदी नाही, मी गोन्पोंना विचारून घेतलंय.

परवा वरच्या बर्फाकडून गढूळ लोंढा आला. आवाज आधी आला. मी तोंड बुजवायला धावले. ढेपा वाहून जायला लागल्या, तेव्हा खोपीच्या दाराची फळी काढून आडवी घातली आणि तिला पाठ लावून बसले. किती वेळ, माहीत नाही. पाणी फळीवरून माझ्या मानेत येत होतं. लोंढा ओसरला तेव्हा समोर छिमीकाकू उभ्या. आवाज ऐकून धापा टाकत वर आल्या होत्या. त्यांनी मला वर ओढलं, स्वतःचा जाड कोट माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाल्या, “दार नसलेल्या खोपीत झोपणार आहेस का आता?” मग फळी परत बसवायला त्याच लागल्या. मी म्हटलं, “काकू, हात लावू नका. खांगसारचं काम आहे.”

त्या थांबल्या. म्हणाल्या, “दार काही पाटात धरत नाहीत.” आणि बसवून गेल्या. कोट नेला नाही.

घाटाकडे जाणारे-येणारे सगळे इथूनच जातात, पाण्यापाशी थांबतात, बोलतात. पण लिहायला हात मोकळा नसतो. तुझे पाय कसे आहेत, ते खरं कळव.

रिगझिन

*

मानसरोवराच्या काठी
आठवा महिना, सुरुवात

प्रिय रिगझिन,

पाय आहेत. डावा जरा सुजला होता, एका मेंढपाळणीनं चरबी चोळून दिली.

तुझं पत्र मी इथल्या बायकांना वाचून दाखवलं. फळीला पाठ लावून बसल्याचं ऐकून त्यांनी जिभा बाहेर काढल्या. म्हणजे शाबासकी.

आता माझं ऐक. पहिल्या दिवशी मी वाट्या मांडून बसले तर कुणी फिरकेना. दुसऱ्या दिवशी एक बाई आली. लांबलचक कातडी कोट, गालांवर वाऱ्याच्या भेगा. तिनं कोटाच्या छातीत हात घातला आणि आतून स्वतःची वाटी काढली. काळी पडलेली, कडेला रुप्याचा पत्रा. ती म्हणाली, “आईची. तिच्याआधी तिच्या आईची. आता मला तीन लेकी आहेत आणि वाटी एक. अशा तीन दे.” मी ती हातात घेतली. आपल्या गावची आहे का, ते सांगता येईना. इतकी वर्षं त्यावर ओठ टेकलेत, की चरकाची रेघसुद्धा राहिलेली नाही. मग तिनं त्यातच चहा ओतला आणि मला आधी पाजला.

एवढंच. हे बघायला मी आले होते. वाटलं होतं, बघून मन भरेल. भरलं नाही, गं! आता वाटतंय, ही माणसं हिवाळ्यात कुठे जातात, तेही बघावं. ती बाई म्हणाली, चल आमच्याबरोबर, वसंतात परत आणून सोडू. तिच्या तंबूत जागा आहे. गोणीत अजून वाट्या आहेत.

पण रीत अशी आहे, की फिरणाऱ्यानं मुक्काम वाढवायचा तर बसणाऱ्याला विचारायचं. तुझा बाप मला दरसाल विचारायचा, आणि मी दरसाल हो म्हणायची. म्हणून विचारते. राहू का?

बैठकीत काय झालं? घर आपलं आहे, की मी उगीच विचारतेय?

अनी

*

छोलुंग
२४ असोज

प्रिय अनी,

कापणी झाली. काल बैठक बसली.

गोन्पो एकेका घराचं नाव घेत होते. खांगसारचं नाव आलं आणि मी ‘आहे’ म्हटलं. आवाज बरा निघाला. एक म्हातारे म्हणाले, हिनं पाट राखला हे खरं, पण एका हंगामानं घर होत नाही. ही उद्या निघून जाईल. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात छिमीकाकू उठल्या. म्हणाल्या, “माझा वांगदू वर्षाचे आठ महिने नसतो. त्याला कोण विचारतं? हिला का विचारता?” म्हातारे म्हणाले, “त्याच्या घरी तू असतेस.” काकू म्हणाल्या, “आणि हिच्या घरी पाल्की असेल. पाल्की नसेल तेव्हा ही असेल. दोघींपैकी एक. आपल्या सगळ्यांचं असंच तर आहे.” मग पाण्याची पाळी त्यांनी आपणहून परत केली. गोन्पोंनी ती खांगसारची म्हणून मोठ्यानं तीनदा सांगितली. लोण्याचं मात्र काकूंनी रात्री पुन्हा काढलं.

मी पलीकडच्या खोऱ्यात गेले नाही. आता बर्फाआधी जमणारही नाही. गुरूंना लिहिलं, की प्रबंध मी फिरणाऱ्यांवर लिहीत होते, त्यात बसणारं माणूस एकदाही आलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल. ते रागावतील. रागावू देत. पण त्यासाठी मला काठमांडूला जायला हवं, आणि मंसिर संपायच्या आत निघायला हवं.

म्हणून, अनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू मला विचारलंस, हे मी चुलीपाशी बसून दोनदा वाचलं. तुला हो म्हणावंसं फार वाटलं. बाबांना तू कधी नाही म्हणाली नाहीस, हेही आठवलं.

पण मी नाही म्हणतेय. दोघीही नसलो तर चूल थंड होईल, आणि त्याचा अर्थ आता मला कळलाय. मुक्काम वाढवायचा नाही. घाटावर बर्फ पडायच्या आत घरी ये. त्या बाईला सांग, पुढच्या कापणीनंतर तुझ्या तंबूत येते, तेव्हा वसंतापर्यंत राहते. खांगसारमध्ये बसणारीनं तसं कबूल केलंय म्हणून सांग. उरलेल्या वाट्या तिच्याकडेच ठेव, म्हणजे तुला जावंच लागेल.

आता जायची पाळी माझी आहे. निघ.

रिगझिन